पीजीसीईला निघण्याआधीचे महिने कशात घालवावेत

तुझा प्रश्न नीट वाचला. शिवाजी विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी., सांगलीत दोन वर्षं अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये शिकवलेलं, बी.एड. नाही, आणि इंग्लंडमध्ये लीड्सजवळच्या एका विद्यापीठाची माध्यमिक भौतिकशास्त्राच्या पीजीसीईची, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षक-प्रशिक्षणाची, ऑफर हातात. सप्टेंबरपर्यंत काय वाचू, इंग्रजीचं काय करू, आणि तिथे पार्टटाइम काम करून खर्च निघेल का, असं विचारलंयस. ताई म्हणालीस, म्हणून मीही तूच म्हणते. मी कराडची. पीजीसीई इथेच केलं, याच भागातल्या सरकारी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आणि आता प्रशिक्षणार्थींची मेंटॉर म्हणूनही काम करते. भारतातून आलेले हुशार, कष्टाळू प्रशिक्षणार्थी कुठे अडखळतात ते जवळून बघते. म्हणून आधीच सांगते: तयारी अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या वर्गाची कर. एम.एस्सी.चं पुस्तक पुन्हा उघडायची अजिबात गरज नाही.

पण त्याआधी ऑफरचं पत्र पुन्हा एकदा बघ. त्यात पीजीसीईसोबत 'क्यूटीएस' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. क्यूटीएस म्हणजे इंग्लंडमधला पात्र शिक्षकाचा दर्जा. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या काही पीजीसीई अभ्यासक्रमांत तो मिळत नाही, आणि एजंट हा फरक कधी सांगत नाहीत. नाव तेच, पण त्याने इथल्या शाळेतला तुझा मार्ग मोकळा होत नाही. तुझ्यासारखाच विचार करणाऱ्या, पण बी.एड. झालेल्या मैत्रिणी असतील तर त्यांना एक गोष्ट जरूर सांग. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातले पात्र शिक्षक थेट क्यूटीएससाठी अर्ज करू शकतात. विषय गणित, विज्ञान किंवा भाषा हवा, ११ ते १६ वयोगटाला शिकवण्याची पात्रता हवी, किमान एक वर्षाचा अनुभव हवा आणि इंग्रजीची अट पूर्ण व्हायला हवी. अर्जाला फी नाही. त्यांनी पीजीसीईवर लाखो रुपये घालवण्याआधी ती वाट तपासावी. तुझ्याकडे बी.एड. नाही, तेव्हा तुझ्यासाठी पीजीसीईच बरोबर आहे.

आता विषय. तू भौतिकशास्त्राची शिक्षिका होणार असलीस तरी इथल्या इयर ७ ते ९ ला, म्हणजे ११ ते १४ वर्षांच्या मुलांना, बहुतेक शाळांत एकच शिक्षक सगळं विज्ञान शिकवतो. प्रकाशसंश्लेषण, पचनसंस्था, प्रजनन, आम्ल-अल्कली सगळं तुझ्या वाट्याला येईल. दहावीनंतर तू जीवशास्त्र सोडलं असशील, तर पहिले दोन महिने त्यालाच दे. इथल्या इयर १० आणि ११ ला जीसीएसई असते, म्हणजे साधारण आपल्या दहावीच्या बोर्डासारखी परीक्षा. तिथे बरीच मुलं 'कम्बाइन्ड सायन्स' घेतात, त्याचे दोन जीसीएसई धरले जातात, आणि फाउंडेशन (सोपा) व हायर (अवघड) असे दोन स्तर असतात. परीक्षा मंडळं वेगवेगळी आहेत: एक्यूए, पीअर्सन एडेक्सेल, ओसीआर. एक्यूएच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका आणि गुणदान योजना फुकट मिळतात. प्रश्न सोडवणं तुला सोपं जाईल. वेळ गुणदान योजनेवर घालव. कोणत्या वाक्याला गुण देतात आणि कोणत्या वाक्याला देत नाहीत, हे तिथे कळतं.

एक उदाहरण देते. ऊर्जेची रूपं आणि एका रूपाचं दुसऱ्यात रूपांतर, असं आपण शिकलो. २०१६ पासून शिकवल्या जाणाऱ्या जीसीएसईत मांडणी निराळी आहे. ऊर्जा 'स्टोअर'मध्ये असते आणि एका स्टोअरमधून दुसऱ्यात ठराविक मार्गांनी जाते. चेंडू वर फेकला की कायनेटिक स्टोअर कमी होतो, ग्रॅव्हिटेशनल स्टोअर वाढतो. विजेला इथे स्टोअर मानत नाहीत, तो ऊर्जा जाण्याचा मार्ग. 'विद्युत ऊर्जेचं उष्णतेत रूपांतर' हे आपल्या तोंडात बसलेलं वाक्य तू वर्गात म्हणालीस, तर मुलं तेच परीक्षेत लिहितील. हा धडा इथे यायच्या आधी पूर्ण नव्याने बसव. इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सचं 'आयओपी स्पार्क' यासाठी उत्तम आहे. मुलांच्या डोक्यात कोणते गैरसमज असतात, तेही तिथे प्रकरणवार दिलंय. माझ्या मते त्या गैरसमजांची यादी हाच खरा अभ्यासक्रम आहे. वीज तारेतून जाताना संपत जाते, जड वस्तू आधी पडते, गती आहे म्हणजे बल असणारच, असं मुलांना मनापासून वाटत असतं. प्रत्येक समजुतीला तू काय विचारशील, काय करून दाखवशील, ते वहीत लिहून काढ.

प्रयोग स्वतःच्या हाताने कर. एक्यूएच्या जीसीएसई भौतिकशास्त्रात १० ठरलेले प्रयोग आहेत: विशिष्ट उष्मा, तारेच्या लांबीचा रोधाशी संबंध, स्प्रिंगचं ताणलं जाणं, घनता, लाटांचा वेग वगैरे. आपल्याकडे जर्नल पूर्ण असतं, पण मल्टिमीटर हातात घेऊन साधा सर्किट पटकन जोडायची सवय अनेकांना नसते. इथे तीस मुलं एकाच वेळी तेच सर्किट जोडत असतात, आणि दहा टेबलांवर दिवा लागत नाही. चूक नजरेने ओळखता यायला हवी. तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सरांना विचार, सुट्टीत आठवडाभर बसू देतील. साहित्य मांडून द्यायला इथे लॅब टेक्निशियन असतात, पण मागणी काही दिवस आधी लिहून द्यावी लागते. सुरक्षिततेसाठी शाळा 'क्लीप्स' या संस्थेच्या सूचना पाळतात.

आता वर्गाकडे येते. क्लासमधली साठ मुलं गप्प बसतात, कारण त्यांना परीक्षा द्यायची असते आणि घरच्यांनी फी भरलेली असते. इथल्या सरकारी शाळेत साधारण तीस मुलं, त्यांत कुणाचं वाचन चार वर्षं मागे, कुणी नुकतंच दुसऱ्या देशातून आलेलं, कुणाला विशेष गरजांसाठी कायदेशीर योजना लागू आहे, आणि एखादं तुझ्याही पुढे धावणारं. शिक्षक आले म्हणून वर्ग आपोआप शांत होत नाही. दारात उभं राहून मुलांना नावाने आत घ्यायचं, जागा ठरवलेल्या असतात, फळ्यावर पहिलं काम आधीच लिहिलेलं असतं, हजेरी होते, मग धडा. ताकीद कधी, डिटेन्शन (शिक्षा म्हणून थांबवून ठेवणं) कधी, हे शाळेच्या वर्तन-धोरणात लिहिलेलं असतं आणि ते शांतपणे, सगळ्यांना सारखं लावायचं असतं. आवाज चढवून काही साधत नाही.

याची तयारी सांगलीत होऊ शकते, आणि तुझ्या सगळ्या तयारीत मला हीच सर्वांत मोलाची वाटते. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेट, सहावी-सातवीच्या वर्गात काही दिवस मागे बसू द्या म्हणून विनंती कर. बसल्यावर शिक्षकांकडे बघू नकोस. शेवटच्या बाकावरची दोन मुलं निवड आणि दर दहा मिनिटांनी ती काय करताहेत ते लिही. कधी हरवली, कशाने परत आली, तेही. मग त्यांना एखादा तास स्वतः शिकव, फक्त एक नियम पाळून: पाच मिनिटांपेक्षा जास्त सलग बोलायचं नाही. 'समजलं का?' हा प्रश्न वापरायचा नाही. सगळ्यांच्या हातात पाटी दे, उत्तर एकदम वर धरायला सांग. इथे आम्ही छोटे व्हाइटबोर्ड वापरतो, काम तेच.

इंग्रजीबद्दल तू घाबरली आहेस, पण तुझा मेसेज वाचून व्याकरणाची काळजी मला वाटत नाही. दोन गोष्टी कर. अकरा वर्षांच्या मुलाला विद्युतधारा समजावतेयस असं धरून, सूत्र न वापरता, फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग कर, ऐक, पुन्हा कर. दुसरं म्हणजे यॉर्कशरची, म्हणजे लीड्सच्या भागातली, बोली रोज थोडी ऐक, इथल्या स्थानिक रेडिओवर. मुलं बातम्यांच्या इंग्रजीत बोलत नाहीत, आणि मागून कुणी काय म्हणालं हे कळणं वर्ग सांभाळायला लागतंच. तू मराठी माध्यमाची असशील, तर दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजी तिसरी भाषा म्हणून असेल. प्रवेश देणारे जीसीएसई इंग्रजी आणि गणिताची समकक्षता बघतात, काही ठिकाणी वेगळी चाचणी मागतात. ते आत्ताच विचारून घे, जुलैपर्यंत थांबू नकोस.

वाचनात दोन सरकारी कागद जरूर घे. एक 'टीचर्स स्टँडर्ड्स'. त्यातल्या आठ निकषांवर तुझं वर्षभराचं मूल्यमापन होईल. दुसरा मुलांच्या सुरक्षिततेचा, 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन', त्याचा पहिला भाग. एखादं मूल विश्वासाने तुला घरातलं काही सांगू लागलं, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. ऐकून घ्यायचं, त्याच्याच शब्दांत नोंद करायची आणि त्याच दिवशी शाळेतल्या जबाबदार व्यक्तीला कळवायचं. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि यात चालढकल चालत नाही. पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही काढून ठेव. इथल्या डीबीएस तपासणीबरोबर, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींच्या तपासणीबरोबर, ते सहसा मागतात.

पार्टटाइम काम: विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मुभा असते, पण त्या पैशावर बजेट मांडू नकोस. किमान १२० दिवस शाळेत जातात, त्याही दोन शाळांत. सकाळी आठला पोहोचायचं, संध्याकाळी घरी येऊन उद्याचे धडे. शिवाय निबंध आहेत, आणि बऱ्याच विद्यापीठांत ते मास्टर्सच्या ६० क्रेडिटचे असतात. डिसेंबरात तर पावणेचारलाच सूर्य मावळतो. व्हिसासाठी दाखवायचे पैसे असे धर: उरलेली फी, आणि लंडनबाहेर राहणार असशील तर दरमहा १,१७१ पौंडांप्रमाणे ९ महिन्यांचे १०,५३९ पौंड, खात्यात सलग २८ दिवस. त्याशिवाय व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. टीबीची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करायची. भौतिकशास्त्राच्या परदेशी विद्यार्थ्यांना २०२३-२४ पासून बर्सरी (प्रशिक्षणार्थींना मिळणारी सरकारी आर्थिक मदत) खुली झाली होती, पण रक्कम आणि पात्रता दर वर्षी नव्याने ठरते. तुझ्या वर्षाचा नियम विद्यापीठाकडून लेखी घे आणि तोवर ती हिशोबात धरू नकोस.

घर घेताना विद्यापीठाच्या जवळचं बघू नकोस, रेल्वे किंवा मोठ्या बसस्थानकाजवळचं बघ. शाळा ब्रॅडफर्डला मिळेल की वेकफील्डला, हे बहुतेक आल्यावरच कळतं.

शेवटचं नोकरीचं. पीजीसीईनंतर दोन वर्षांचा इंडक्शन काळ, म्हणजे नव्या शिक्षकाचा देखरेखीखालचा काळ, असतो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षणानंतर इथे राहून काम करण्याचा) दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचा मिळणार आहे, म्हणजे इंडक्शन पूर्ण होण्याआधीच तो संपेल. त्यामुळे पुढे तुझा कामाचा व्हिसा स्पॉन्सर करणारी शाळाच शोधावी लागेल. असा स्पॉन्सरशिपचा परवाना असलेल्या संस्थांची यादी सरकारी संकेतस्थळावर आहे. अर्ज करण्याआधी त्यात शाळेचं किंवा ती चालवणाऱ्या ट्रस्टचं नाव शोध, आणि मुलाखतीत स्पॉन्सरशिपबद्दल सरळ विचार. शिक्षकांना उन्हाळ्यात शाळा सोडायची तर राजीनामा ३१ मेपर्यंत द्यावा लागतो, म्हणून सप्टेंबरच्या बहुतेक जागा फेब्रुवारी ते मे दरम्यान निघतात. लंडनबाहेर सुरुवातीचा पगार २०२५-२६ मध्ये वर्षाला ३२,९१६ पौंड होता. ऑफरच्या पत्रातला मजकूर कळव, नाव-पत्ता झाकून, म्हणजे क्यूटीएसचं मी बघून सांगते.