दिवाळीनंतर चेन्नईला जाताय? आधी खोली कुठल्या माळ्यावर आहे ते सांगा

भाऊ, तुमची पोस्ट रात्री दोनदा वाचली. दारव्ह्याकडचं गाव, पोरीला चेन्नईत नोकरी लागली, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं, वेलाचेरीत तळमजल्याची खोली पाहून ठेवली. आणि विचारता काय, तर तिकडं गरमी किती असते, घरचा कूलर सोबत देऊ का? २०१५ मध्ये मी हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावातून अगदी हेच विचारत फिरत होतो. गरमीचं भेटेल त्याला विचारलं. पावसाचं कोणालाच विचारलं नाही, आणि तेच महागात पडलं.

मी काही हवामानाचा जाणकार नाही, कापूस-तुरीचा शेतकरी आहे. जे भोगलं आणि नंतर समजून घेतलं तेवढं लिहितो. गाडी, तिकीट, भाडेकरार हे तुम्ही पाहालच.

कूलरचं आधी संपवतो. नेऊ नका. मे महिन्यात आपल्याकडे ४३ अंश असतात, पण हवा कोरडी ठक्क. दमटपणा १५ टक्क्यांवर असला तर ओल्या ताट्यांमधून येणारा वारा पार २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकतो. चेन्नईत ३५ अंश आणि ६५ टक्के दमटपणा असेल, तर कूलर कितीही चांगला असो, २९ च्या खाली येऊच शकत नाही, वर खोलीतली हवा आणखी ओली करतो. आमचा कूलर तिकडे महिनाभर चालला आणि भिंतीला बुरशी आली. तिकडं लागतो तो पंखा आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, तो आत आला पाहिजे. हा वारा ज्या दिवशी उशिरा येतो किंवा जमिनीकडचा पश्चिमेचा वारा त्याला अडवून धरतो, त्या दिवशी शहर भाजतं. ३१ मे २००३ ला चेन्नईत ४५ अंश झाले होते. आपला नवतपा तसा त्यांचा अग्नी नक्षत्रम, ४ मेच्या आसपास सुरू होतो आणि महिनाअखेरीपर्यंत चालतो. पण पोरगी जाणार नोव्हेंबरात, म्हणून हे पुढचं नीट वाचा.

आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की मृगात पाऊस येतो आणि दसऱ्याला जातो. चेन्नईचं उलटं आहे. जून ते सप्टेंबर वारे पश्चिमेकडून येतात आणि आपलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पलीकडे सांडून टाकतात, त्यामुळे तमिळनाडूच्या वाट्याला थोडंच येतं. ऑक्टोबरात वारा फिरतो, बंगालच्या उपसागरावरून ओल घेऊन येतो, आणि त्यांचा खरा पावसाळा तेव्हा सुरू होतो. वर्षाला साधारण १,४०० मिलिमीटर पाऊस, त्यातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबरात. सगळ्यात ओला महिना नोव्हेंबर. म्हणजे आपली कापूस वेचणी ऐन भरात असते तेव्हा तिकडं घरात पाणी शिरायचे दिवस असतात.

पहिल्या वेचणीचा कापूस विकला, तुळशीचं लग्न आटोपलं आणि मी पोराला घेऊन निघालो. सैदापेटेत अड्यार नदीपासून जवळ तळमजल्याची खोली घेतली, भाडं कमी होतं म्हणून. त्या नोव्हेंबरात चेन्नईत हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडून गेला होता, रस्ते ओलेच होते. खोली दाखवणारा म्हणाला, आता संपला. मला ते पटलं, कारण आपल्या हिशेबाने तो कधीचाच संपायला हवा होता. मी परत आलो. १ डिसेंबरला पुन्हा धो धो सुरू झालं, तांबरमकडे २४ तासांत ४९ सेंटीमीटर. चेंबरंबाक्कम तलावाचं पाणी अड्यारमध्ये सोडलं आणि रात्रीत नदी घरात आली. पोरगा शेजाऱ्यांच्या गच्चीवर चढला म्हणून वाचला. दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. ते दोन दिवस त्याच्या आईने कसे काढले ते मी इथं लिहू शकत नाही.

खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत त्याची सगळी मूळ कागदपत्रं होती. गुणपत्रिका, पदवी, जात वैधता प्रमाणपत्र. मीच म्हटलं होतं, मूळ कागद जवळ असू दे. सगळ्याचा लगदा झाला. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. खोली तर नंतर बदलता आली.

दुय्यम प्रतींसाठी एका कार्यालयात सात खेपा घातल्या. नाव लिहीत नाही. पहिल्यांदा म्हणाले, पोलिसांचा दाखला आणा. आणला, तर तो तमिळमध्ये, भाषांतर करून आणा. भाषांतर नेलं, तर त्यावर शिक्का हवा. मग साहेब रजेवर. अख्खं शहर बुडाल्याचं देशाने टीव्हीवर पाहिलं, आणि खिडकीवरचा माणूस मला विचारतो की कागद पाण्याने गेले याला पुरावा काय! तोवर पोराच्या एका भरतीची कागदपत्र तपासणीची तारीख निघून गेली. ती नोकरी गेली ती गेलीच. आता नियम सोपे झाले असतील, पण त्या भरवशावर राहू नका. मूळ कागद गावातच ठेवा, पोरीजवळ छायाप्रती द्या, आणि जे जमेल ते आजच डिजिलॉकरमध्ये घ्या.

वेलाचेरीला नावं ठेवायची नाहीत, चांगली माणसं राहतात तिथे. पण तो भाग सखल आहे, शेजारी पल्लीकरणैची दलदल. आजूबाजूचं पाणी तिकडेच उतरतं आणि तिथून सावकाश समुद्राला जातं. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळ आलं तेव्हाही तिथं पाणी भरलं. माझं मत ठाम आहे: हजार-दोन हजार जास्त द्या, पण खोली पहिल्या माळ्याच्या वरच घ्या.

कोणी खाली लिहिलंय की दक्षिणेत सगळीकडे सारखंच. तसं नाही. माझी भाची कोचीत आहे, तिकडं पाऊस १ जूनच्या आगेमागे येतो आणि वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पडतो, जून-जुलैत जोर. विशाखापट्टणमला ऑक्टोबर म्हणजे वादळाचा धोका, २०१४ चं हुदहुद १२ ऑक्टोबरलाच धडकलं होतं. कुठल्या किनाऱ्यावर जायचंय ते पाहूनच पंचांग मांडायचं.

दुलई देऊ नका, जानेवारीतही रात्री २० अंशांच्या आसपास असतात. कुरडया, पापड, सांडगे घट्ट झाकणाच्या डब्यातच द्या, उघडे राहिले तर चार दिवसांत सादळतात. जीन्सपेक्षा पातळ सुती कपडे, कारण घाम वाळत नाही आणि घामोळ्या येतात.

डिपॉझिट दिलं नसेल तर दोन दिवस थांबा. गल्लीचं नाव मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. पोरगा अजून चेन्नईतच आहे, आता तिसऱ्या माळ्यावर राहतो. रविवारी जाऊन शेजाऱ्यांना विचारेल आणि भिंतीवर पाण्याची खूण कुठवर आहे ते बघून येईल.