वडिलांनी टाइप केलेली जुनी मराठी फाईल उघडली की इंग्रजी अक्षरं दिसतात. मजकूर परत मिळेल का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: वडिलांनी २००३ च्या सुमारास स्वतः टाइप केलेल्या आठवणींची वर्डची फाईल जुन्या सीडीवर सापडली. उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं. फॉन्टच्या चौकटीत ‘कृतिदेव ०१०’ असं नाव दिसतं. दुकानदार म्हणतो फाईल करप्ट झाली, पुन्हा टाइप करावी लागेल. वडील आता ८१ वर्षांचे आहेत.

पुन्हा टाइप करू नका. फाईल शाबूत आहे. मी बरीच वर्षं दिवाळी अंकांचे आणि वाचनालयांच्या स्मरणिकांचे असे अडकलेले मजकूर सोडवतोय, म्हणून खात्रीने सांगतो.

संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. वडिलांनी ‘क’ उमटवला तेव्हा फाईलमध्ये १०० हा क्रमांक गेला. तो खरं तर इंग्रजी छोट्या ‘डी’चा. कृतिदेवने ‘डी’च्या जागी ‘क’चं चित्र बसवलं, बस्स. म्हणून ‘मराठी’ हा शब्द तुमच्या फाईलमध्ये ई, जे, के, मोठा बी, एच असा पडलेला दिसेल. श्रीलिपीची चित्रं वेगळ्या क्रमांकांवर, शिवाजी फॉन्टची आणखी वेगळ्या. हे फॉन्ट करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्यामुळेच गावोगावचे छापखाने संगणकावर आले. पण आपलं कितीतरी लिखाण या आपापल्या क्रमांकांत कोंडून राहिलं, शोधायला गेलं तर सापडत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा आहे, आणि त्याची मांडणी आपल्याकडेच ठरलेल्या ‘इस्की’ या प्रमाणावरून, तिच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. तिथे ‘क’ म्हणजे ०९१५, मग फोन कुठलाही असो, फॉन्ट कुठलाही असो. हा क्रमांक वापरायला कुणाची परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत.

आता कामाचं. मूळ फाईलला हात लावू नका, तिची प्रत करा. नुसता फॉन्ट बदलून ‘मंगल’ निवडलात तर काही होणार नाही, कारण आतले क्रमांक इंग्रजीचेच राहतात. ‘कृतिदेव ते युनिकोड’ असं शोधा, मोफत रूपांतरक, म्हणजे जुने क्रमांक बदलून युनिकोडचे करून देणारी पानं, बरेच मिळतात. मात्र आठवणींत घरच्या गोष्टी असतात, म्हणून रूपांतरकाचं पान उघडून झालं की इंटरनेट बंद करा आणि मग मजकूर टाका. तरीही रूपांतर झालं, तर काम तुमच्याच संगणकावर चाललंय. नाही झालं, तर दुसरा शोधा. एका वेळी एकच प्रकरण घ्या.

खरी मेहनत पुढे आहे. जुना फॉन्ट कागदावर दिसतं त्या क्रमाने टाइप व्हायचा, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतं. ‘किती’मधली पहिली वेलांटी वडिलांनी ‘क’च्या आधी दाबली, युनिकोडमध्ये ती ‘क’नंतर जाते. रफार याच्या उलट. ‘विद्यार्थी’ लिहिताना त्यांनी तो सगळ्यात शेवटी दिला, युनिकोडला तो ‘थ’च्या आधी हवा. रूपांतरक चुकला की ‘विद्याथीर्’, ‘मूतीर्’, ‘सवर्’ असे शब्द तयार होतात. जुन्या बातम्या वाचताना तुम्हीही हे पाहिले असतील. युक्ती सोपी आहे: ‘र्’ आणि त्यापुढे मोकळी जागा, असं शोधा. मराठीत शब्दाच्या शेवटी पाय मोडलेला ‘र’ जवळपास येतच नाही, त्यामुळे जे सापडेल ती बहुधा चूकच.

दुसरी जागा म्हणजे ‘ऱ्य’. हिंदीला त्याची गरज नाही आणि बरेच रूपांतरक हिंदी समोर ठेवून केलेले आहेत. एका दिवाळी अंकाच्या कवितेत ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं आणि माझ्या नजरेतून सुटलं. डोंगराची कविता छापून आली ती समुद्र घेऊन. कवयित्रीबाई काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून मी ‘र्य’ आणि ‘र्ह’ असलेला प्रत्येक शब्द थांबून वाचतो.

तिसरी जागा डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देत, आणि काही रूपांतरक अजून तसंच करतात. दिसायला दोन्ही सारखे, पण ‘ॲडव्होकेट’ शोधलंत तर जुन्या पद्धतीचा सापडेलच असं नाही. जुन्या पद्धतीचे सगळे एकदम नव्या ‘ॲ’मध्ये बदलून टाका.

साठवताना नुसती पीडीएफ ठेवू नका. मराठी पीडीएफमधून मजकूर उचलला की तो अनेकदा विस्कटतो. वर्डसारखंच काम करणारं लिब्रेऑफिस मोफत आहे, मुक्त आहे. त्यात ओडीटी फाईल करा, म्हणजे २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण असलेल्या स्वरूपात मजकूर राहील. सोबत युटीएफ-८ मधली (ही युनिकोड साठवण्याची एक पद्धत) साधी टेक्स्ट फाईल ठेवा. तीत ठळक-तिरपं काही उरत नाही, पण ती कुठेही उघडते. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडायला विसरू नका. तशी सोय असलेल्या फॉन्टमध्ये मग ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे दिसतात. जोडाक्षरं जुळवण्याचं काम तिथे हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं. तेच अँड्रॉइडवर आणि फायरफॉक्समध्येही आहे, त्यामुळे नातवंडांच्या फोनवर जोडाक्षरं तुटायची नाहीत.

शेवटचं वाचन वडिलांकडूनच करून घ्या. शेतांची नावं, माणसांची टोपणनावं, गावाकडचे शब्द चुकलेत का, हे तुम्हा-आम्हाला कळायचं नाही. मोठ्या टाइपात, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून प्रिंट काढा आणि त्यांच्या हातात लाल पेन द्या.