कर्ज पोराच्या नावावर कशाला, भाऊ?

मंगळवेढ्याकडच्या एका वडिलांचं पत्र आलंय. पोराला बारावीला 68 टक्के, पीसीएम ग्रुप, सीईटी दिलीय आणि त्याला उदगीरच्या कॉलेजात डेअरी टेक्नॉलॉजीच्या डिग्रीला जायचंय. वडिलांचं म्हणणं, धार काढायला डिग्री कशाला, सरकार दूधधंद्याला 90 टक्के पैसा देतंय, पोराच्या नावावर कर्जाचं प्रकरण करून 20 गायींचा गोठा टाकतो. शेवटी एक ओळ, "सध्या तो घरात कुणाशी बोलत नाही, तुम्ही जरा समजावा."

भाऊ, मार्कांचं राहू द्या, मला ही शेवटची ओळ खटकली. पोरगं बोलायचं बंद झालंय आणि समजवायचं त्यालाच? तुमचं पीककर्ज थकलंय म्हणून बँक तुम्हाला उभं करत नाही, हे तुम्हीच लिहिलंय, म्हणून आता आत्ताच 18 पूर्ण झालेल्या पोराच्या नावावर लाखोंचं कर्ज. याला त्याचं करिअर म्हणू नका. ही तुमची बँकेची अडचण आहे आणि तुम्ही ती त्याच्या गळ्यात अडकवताय, तो गप्प बसणार नाही तर काय करणार?

आणि ते 90 टक्के. केंद्रानं 2020 ला 15,000 कोटींचा पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधी काढला, त्यात प्रकल्पाच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. कर्ज, अनुदान नाही! सरकार व्याजातले 3 टक्के भरतं, मुद्दल तुम्हालाच फेडायचं. बरं, ते पण मुख्यतः दूध प्रक्रिया, पशुखाद्य प्लांट, जातिवंत पैदास असल्या कामांना, साध्या गोठ्याला नाही. दुधाला लिटरमागे अनुदान मिळालं ते वेगळं, 2024 ला राज्यानं आधी 5 मग 7 रुपये दिले, पण ते दर पडला म्हणून ठराविक काळापुरतं, फक्त गायीच्या दुधाला आणि जनावराच्या कानात बिल्ला असून त्याची ऑनलाइन नोंद असेल तरच. तुमच्या दोन पंढरपुरी म्हशींना त्यातलं काहीच नव्हतं. पावडर-बटरचा बाजार बसला की संकलन केंद्रावर दर खाली येतो, पेंडीचा मात्र येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगू.

आता बघा, सरकारचा मोठा पैसा जातोय कुठं? प्लांटमध्ये. पाश्चरायझर, पावडरचा ड्रायर, तपासणीची लॅब, हे चालवायला शिकलेली माणसं लागतात आणि उदगीरला नेमकं तेच शिकवतात, धार काढायला नाही. म्हणजे या धंद्याचं गणित तुमच्यापेक्षा पोराला जास्त कळलंय, स्पष्ट बोललो, राग मानू नका.

ॲडमिशन सीईटीच्या मार्कांवर होतं. गोठा करायचाच असेल तर आधी थकबाकीचं बँकेत जाऊन मिटवा, मग तुमच्या नावावर बघा. आणि उत्पन्नाचा, जातीचा दाखला लागणार असेल तर आत्ताच अर्ज टाका, ऐनवेळी तहसीलला लय गर्दी असते.