नुसतं चालून मांड्या भरतील का?

प्रश्न : वय ६८, राहायला नेरूळला. रोज सकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबईला तासभर चालतो, शुगर कंट्रोलमध्ये आहे, वजनही वाढलेलं नाही. पण हल्ली जमिनीवर बसलो की हात टेकल्याशिवाय उठवत नाही आणि स्टेशनचा जिना चढताना मांड्या भरून येतात. सून म्हणते बाबा जिम लावा, चालायला येणारे मित्र म्हणतात या वयात वजनं उचलून गुडघे घालवशील. आणि मुळात म्हातारपणी स्नायू वाढतात तरी का?

उत्तर : काका, वाढतात, आणि सून बरोबर सांगतेय. चालणं अजिबात सोडू नका, पण ते जे काम करतं ते वेगळं आणि तुम्हाला आता जे हवंय ते वेगळं. चालताना पेशीतली ऊर्जा खर्च होते, ती कमी झाली की एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं, त्याच्यामागून पीजीसी-१ अल्फा नावाचं प्रोटीन वाढतं आणि पेशी नवी मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, बनवायला घेते. शिवाय साखर आत ओढून घेणारी ग्लूट-४ ही प्रोटीन्स पेशीच्या पृष्ठभागावर येतात, तुमची शुगर आटोक्यात आहे त्यात याचा मोठा वाटा असणार.

पण जमिनीवरून उठायला, जिना चढायला, ठेच लागल्यावर स्वतःला सावरायला लागतात ते स्नायूतले वेगाने आकसणारे तंतू, आणि वयाचा फटका नेमका त्यांनाच जास्त बसतो, ते बारीक होतात, काहींची मेंदूचा निरोप आणणारी नस सुटते आणि नस सुटलेला तंतू वाळत जातो. पन्नाशीनंतर दर वर्षी साधारण १ टक्का स्नायू जातो आणि ताकद त्याहूनही वेगाने जाते, डॉक्टर याला सार्कोपेनिया म्हणतात. वजनकाट्यावर हे दिसत नाही कारण गेलेल्या स्नायूची जागा चरबी घेते, त्यामुळे वजन वाढलेलं नाही यावर निर्धास्त राहू नका.

सपाट रस्त्यावर चालताना या तंतूंवर फारसा भार येतच नाही. भार आला, तंतू जोरात ताणला गेला की पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रणेचं एमटॉर नावाचं बटण चालू होतं आणि मग ॲक्टिन, मायोसिन ही स्नायूची प्रोटीन्स बनायला लागतात. त्याच वेळी तंतूच्या कडेला चिकटून झोपलेल्या, स्नायूची दुरुस्ती करणाऱ्या सॅटेलाइट पेशी उठतात (अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या पहिल्यांदा पाहिल्या), त्यांची संख्या वाढते आणि त्या आपली केंद्रकं तंतूला देतात. उतारवयात त्या कमी होतात, वेगवान तंतूंभोवती तर जास्तच, पण संपत नाहीत आणि वजनाच्या व्यायामाने पुन्हा वाढतात, म्हातारपणीसुद्धा.

मला स्वतःला सगळ्यात धीर देणारा वाटतो तो २००७ चा एक अभ्यास. त्यात सत्तरीच्या आसपासची निरोगी माणसं सहा महिने आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम करत होती, सुरुवातीला ती तरुणांपेक्षा ५९ टक्के कमजोर होती, शेवटी फरक ३८ टक्क्यांवर आला, आणि वयामुळे ज्या जीन्सचं (जनुकांचं) काम बदललं होतं त्यातल्या बऱ्याच पुन्हा तरुणांच्या दिशेने वळलेल्या दिसल्या. त्याआधी १९९० मध्ये बोस्टनला ८६ ते ९६ वर्षांच्या लोकांनी आठ आठवडे पायांचा जड व्यायाम केला तर ताकद सरासरी १७४ टक्के वाढली होती. मांडीचा स्नायू मात्र ९ टक्केच वाढला, कारण पहिले काही आठवडे मेंदू आणि नसाच आहे तो स्नायू नीट वापरायला शिकतात. म्हणजे तुम्हालाही महिनाभरात उठणं सोपं वाटेल पण मांडी तेवढीच दिसेल, तेव्हा धीर सोडून बंद करू नका.

गुडघ्यांचं म्हणाल तर मांडीचा पुढचा स्नायू मजबूत असणं गुडघ्याला आधारच देतं, गुडघेदुखीच्या उपचारात तो व्यायाम सांगतातच. लगेच जिमची फी भरायची गरज नाही. हात छातीवर ठेवून खुर्चीतून उठा-बसा, आठ-दहा वेळा, असे दोन-तीन सेट, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, सोपे गेले तर हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या. श्वास रोखू नका. बीपी, हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि आजच एकदा मोजून बघा, खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर डॉक्टरांकडून स्नायूंची तपासणी करून घ्या.

प्रश्न : आई ७४ वर्षांची, वजन ५० किलो, शुद्ध शाकाहारी. फिजिओने दिलेले व्यायाम करते पण रात्री फक्त दूधभात खाते, सकाळी चहा-खारी. पावडर चालू करू का? (चरई, ठाणे)

उत्तर : ताई, आधी ताट बघूया. प्रौढांसाठी किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगतात, पण वयस्कर स्नायू प्रोटीनच्या हाकेला उशिरा ओ देतो, तरुणाला जेवढ्यात एमटॉर चालू होतं तेवढ्यात त्यांचं होत नाही, म्हणून ज्येष्ठांना १ ते १.२ ग्रॅम घ्यायला सांगतात, म्हणजे आईंना ५० ते ६० ग्रॅम. आणि ते एकाच वेळी कोंबायचं नाही, प्रत्येक जेवणात यायला हवं. व्यायामानंतर जवळजवळ दिवसभर स्नायू प्रोटीन जास्त चांगलं वापरतो, त्यामुळे त्या दिवशीचं रात्रीचं जेवण दूधभातावर काढणं म्हणजे केलेली मेहनत वाया घालवणं आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं. सकाळी मुगाचं धिरडं आणि दही, दुपारी घट्ट वरण आणि मटकीची उसळ, रात्री पिठलं किंवा पनीर, सोयाबीन वडी चालत असेल तर उत्तमच कारण कोरड्या वडीत वजनाच्या जवळजवळ निम्मं प्रोटीन असतं. एवढं करूनही कमी पडलं तर पावडर. किडनीचा त्रास असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

प्रश्न : नुकताच जिम लावलाय, वय ६१. स्नायूंची झीज होऊ नये म्हणून व्हिटॅमिन सी आणि ई च्या हाय डोस गोळ्या घेतो. बरोबर ना? (वाशी)

उत्तर : सी आणि ई ज्यांना मारतात ते ऑक्सिडंट, म्हणजे व्यायाम करताना स्नायूत तयार होणारे तिखट रेणू, सगळेच शत्रू नसतात, त्यातले काही पेशीला नवी मायटोकॉन्ड्रिया बनवायचा निरोप देतात. २००९ मध्ये तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई घेणाऱ्यांमध्ये व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारतं तो फायदा दिसलाच नाही, गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये दिसला. कमतरता आहे म्हणून डॉक्टरांनी दिल्या असतील तर चालू ठेवा, स्वतःच्या मनाने घेत असाल तर त्याऐवजी पेरू, आवळा, शेंगदाणे खा आणि गोळ्यांचे पैसे वाचवा.