हुकूमशहा संसद आणि न्यायालयं ठेवतोच कशाला?

सगळी सत्ता एकाच्याच हातात असेल तर संसद, निवडणुका, न्यायालयं हा नुसता देखावाच ना, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापुरात राज्यशास्त्र शिकवतो. वर्गातही हे दरवर्षी विचारलं जातं. देखावा म्हणून विषय संपवू नका, असं मी मुलांना कळकळीने सांगतो.

हुकूमशहाला धोका बहुतेक वेळा जनतेपेक्षा जवळच्यांचा असतो: सेनापती, मंत्री, दुसऱ्या फळीतले नेते. आपलाही नंबर कधीतरी लागेल, याची त्यांना खात्री हवी असते. मेक्सिकोत एकच पक्ष 1929 पासून 2000 पर्यंत सत्तेवर राहिला, कारण तिथे राष्ट्राध्यक्ष कितीही बलाढ्य असला तरी सहा वर्षांनी जायचाच. मग मागे रांगेत असलेल्यांना बंडापेक्षा वाट बघणं परवडायचं. चीनने 2018 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन मुदतींची मर्यादा काढली, बाजूने 2,958 मतं, विरोधात 2. लोक त्या दोन मतांवरच बोलत बसतात. मला ती मर्यादा गेली हे कितीतरी गंभीर वाटतं.

न्यायालयाचं काम कळायला सोलापूरकराला लांब जायला नको. मे 1930 मध्ये इथे मार्शल लॉ लागला. तरी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्यावर इंग्रजांनी खटला चालवला, आणि मग 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात त्यांना फाशी दिली. निकालाचा कागद असला की शिपायापासून जेलरपर्यंत प्रत्येकाला हुकूम पाळणं सोपं जातं.

पण कागद कधी कधी लिहिणाऱ्यालाही बांधतो. चिलीत लष्करी हुकूमशहा पिनोशेने 1980 ची राज्यघटना स्वतःच्या सोयीने करून घेतली. राष्ट्राध्यक्षपदासाठी घ्यायच्या सार्वमतावर निवडणूक न्यायाधिकरणाची देखरेख हवीच, असा निर्णय 1985 मध्ये त्याच घटनेखालच्या घटनात्मक न्यायाधिकरणाने दिला. त्यामुळे विरोधकांना मतमोजणीवर भरवसा ठेवता आला. 5 ऑक्टोबर 1988 च्या सार्वमतात सुमारे 56 टक्के लोकांनी पिनोशेला नकार दिला. त्या रात्री जुंटातलेच, म्हणजे सत्ताधारी लष्करी मंडळातलेच, हवाई दलप्रमुख फर्नांदो मात्तेई पत्रकारांसमोर म्हणाले, की नकाराची बाजू जिंकली आहे. निकाल दाबणं मग फार अवघड होतं. 1990 मध्ये पिनोशेने राष्ट्राध्यक्षपद सोडलं. लष्करप्रमुखपद मात्र त्याच घटनेच्या आधारे 1998 पर्यंत त्याच्याकडेच राहिलं.