लूपमध्ये आधी सीपीयू की आधी कार्ड? क्रमापेक्षा हवा कुठे अडकते ते बघ

तुझा प्रश्न आधी परत मांडतो, म्हणजे मधूनच वाचायला आलेल्यालाही कळेल. नागपूरचा कॉम्प्युटर, तो पाण्याच्या लूपवर, म्हणजे पंपाने नळ्यांतून गोल फिरवलेल्या पाण्यावर गार ठेवायचाय. सीपीयू (प्रोसेसर) रायझन ९ ७९५०एक्स, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०९०, केस ओ११ डायनॅमिक इव्हो, पाणी गार करणारे ३६० मिमीचे दोन रॅड (रेडिएटर), एक वर एक खाली, आणि डी५ पंप टाकीसकट बाजूला. तुला भीती अशी की कार्ड पाणी तापवणार आणि तेच तापलेलं पाणी पुढे सीपीयूला जाणार, म्हणून तू दोघांच्या मधे खालचा रॅड घातलास, आणि त्यापायी तुझ्या चित्रात एक नळी अख्खा मदरबोर्ड ओलांडून खाली जाते आणि परत वर येते, नळी काटकोनात वळवणाऱ्या नव्वद अंशाच्या फिटिंग मोजल्या तर ११ भरतात. तो रॅड मधून काढ. रॅड दोन्ही ठेवायचेत, फक्त मधे नकोत.

आपल्या डोक्यात पाटाचं पाणी बसलेलं असतं, वरच्या शेताचं भिजून झालं की उरलेलं खालच्याला, टेलवाल्याच्या वाट्याला काय येईल ते येईल. लूप तसा नाही, लूप म्हणजे रहाट, तेच पाणी गोल फिरतंय. तुझ्या लूपमध्ये साधारण लिटरभर पाणी असेल आणि पंप बेताच्या स्पीडवर मिनिटाला ४ लिटर ढकलत असेल तर एक फेरी १५ सेकंदांत पुरी होते. अर्ध्या-पाऊण तासाने सगळं पाणी मिळून एका तापमानाला स्थिरावतं, आणि ते तापमान किती हे ठरवतात रॅड, पंखे आणि खोलीतली हवा. आधी कोण नंतर कोण याचा त्यात संबंध फार थोडा.

किती थोडा ते आकड्यात बघ, कारण मी नुसतं सांगितलं तर तुला पटणार नाही, मलाही कधी पटलं नव्हतं. १ किलो पाणी १ अंशाने तापवायला जवळपास ४१८६ जूल लागतात. मिनिटाला ४ लिटर म्हणजे सेकंदाला ६७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाणी १ अंशाने चढायला साधारण २८० वॅट लागतात. कार्ड पूर्ण ताकदीने ४५० वॅट टाकतंय असं धर, तर कार्डात शिरणारं आणि कार्डातून निघणारं पाणी यांत फरक १.६ अंश. सीपीयू २३० वॅट खात असेल तर तिथे ०.८. अख्ख्या लूपमधलं सगळ्यात गार पाणी आणि सगळ्यात गरम पाणी यांत सगळं मिळून २.४ अंश. ११ फिटिंगची कसरत करून तू जे वाचवायला निघालायस ते जास्तीत जास्त दीडेक अंश, आणि तेही गेम आणि रेंडर एकदम चालू असतील तेव्हा.

आता हाच हिशोब मिनिटाला २ लिटरवर कर, फरक दुप्पट होऊन ५ अंशांच्या जवळ जातो. १ लिटरवर जवळपास १० होतो, आणि तिथे मात्र क्रमाला खरंच अर्थ येतो. आणि फ्लो, म्हणजे मिनिटाला फिरणारं पाणी, कमी कशाने होतो तर वळणांनी, लांब नळ्यांनी आणि जास्तीच्या फिटिंगनी, म्हणजे क्रम सुधारण्याच्या नादात तू तीच अडचण ओढवून घेतोस जिच्यात क्रम महत्त्वाचा ठरतो. एक-दोन नव्वद अंशांनी काही बिघडत नाही हेही सांगतो, डी५ला ताकद भरपूर आहे, पण ११ खूप झाल्या.

पाणी जोरात गेलं तर त्याला उष्णता उचलायला वेळच मिळत नाही, हे वाक्य तुला अजून दहा जण ऐकवतील, ते चूक आहे. पाणी एका फेरीत कमी तापतं हे खरं, पण फेऱ्या तितक्याच जास्त होतात, आणि वेगाने जाणारं पाणी ब्लॉकच्या (चिपवर बसवलेला, आतून पाणी जाणारा ठोकळा) बारीक फटींमधून उष्णता उलट जास्त चांगली उचलतं. फक्त मिनिटाला ४ लिटरच्या पुढे फायदा फार कमी आणि पंपाचा आवाज जास्त, म्हणून मी तिथे थांबतो.

माझ्या पहिल्या लूपमध्ये मी तुझ्यासारखाच सीपीयू आणि कार्डाच्या मधे रॅड घातला होता आणि पाणी काढायला व्हॉल्व्ह ठेवला नव्हता. वर्षभराने कार्ड बदलायची वेळ आली तेव्हा पाणी बाहेर काढायला चांगली वाटच नव्हती, केस आडवी करून एक फिटिंग सैल केली, खाली टॉवेल धरलेला होता तरी पाणी बोर्डावर गेलं आणि बोर्ड गेला. पुढे तोच सीपीयू नव्या बोर्डावर घेऊन लूप सरळ क्रमाने परत बांधला, तेच पंखे, तीच खोली, सीपीयूच्या तापमानात मला १ अंशाचा फरक दिसला आणि तो कधी इकडे कधी तिकडे. तेव्हापासून मी लूप आखताना तीनच गोष्टी विचारतो, पंपाला पाणी कायम मिळतंय का, हवा बाहेर कुठून जाणार, आणि पाणी कुठून काढणार.

पंपाचं पहिलं, कारण क्रमाचा खरा नियम हा एकच आहे. टाकी पंपाच्या लगेच आधी आणि पंपापेक्षा वर. तुझा पंप टाकीच्या खालीच जोडलेला आहे त्यामुळे हे आपोआप साधलंय. विहिरीवरची मोटार हवा धरते तेव्हा काय होतं ते गावाकडे ज्याने बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको, डी५ पण तसाच, त्याचं बेअरिंग त्याच पाण्यावर चालतं, कोरडा फिरवला तर थोड्या वेळात खराब होतो. पहिल्यांदा भरताना टाकी भर, पंप काही सेकंद चालव, पाणी तळाला जायच्या आत बंद कर, परत भर. घाई केलीस तर इथेच नुकसान होतं.

मी तुझ्या जागी असतो तर पंपातून खालचा रॅड, तिथून वर कार्ड, कार्डातून सीपीयू, सीपीयूतून वरचा रॅड आणि तिथून परत टाकीत, असा रस्ता धरला असता. प्रत्येक नळी शेजारच्याच वस्तूला जाते, कुठे काही ओलांडायचं नाही, आणि मुख्य म्हणजे पाणी खालून वर चढत जातं आणि हवेला आपल्यापुढे ढकलत वरच्या रॅडमधून टाकीत आणून सोडतं. हवा वरच जाणार, तिच्या वाटेत उलटा खळगा ठेवू नकोस, म्हणजे नळी वर जाऊन मग खाली येते आणि परत वर जाते असा आकार नको, त्या उंचवट्यात बुडबुडा महिनोन् महिने बसून राहतो आणि गुळगुळ आवाज करतो. वरच्या रॅडमध्ये थोडी हवा राहणारच, पंपाचा स्पीड कमी-जास्त करत केस चारी बाजूंनी हळूहळू तिरकी केलीस की ती निघते, एक-दोन दिवस लागतात. टाकीत परत येणारं पाणी पाण्याच्या पातळीच्या खाली पडू दे, वरून धार पडली की पाण्यात परत बुडबुडे मिसळतात.

बंद लूपमध्ये उंचीची काळजी करू नकोस. जितकं पाणी वर चढतं तितकंच दुसऱ्या बाजूने उतरतं, त्यामुळे एकदा भरल्यावर पंप फक्त घर्षणाशी झगडतो.

इन आणि आउटचा घोळ मात्र सीपीयू ब्लॉकवर करू नकोस. तिथे आत पाणी मधोमध बारीक फटीतून थेट चिपच्या वर सोडतात आणि ते दोन्ही बाजूंना पसरतं, उलटं जोडलं तर चालतं पण तापमान चढतं, आणि मग माणूस चिप आणि ब्लॉकमधली पेस्ट परत लावत बसतो. ब्लॉकच्या कागदावर इन कुठलं ते लिहिलेलं असतं. कार्डाच्या ब्लॉकला आणि रॅडला बहुतेक वेळा कुठलीही बाजू चालते, तिथे नळी सरळ जाईल ती बाजू घे. वर एकाने समांतर जोडणी, म्हणजे पाण्याचे दोन फाटे करून दोघांना एकदम देणं, सुचवलीय, ती दोन सारखी कार्डं असतील तर ठीक, सीपीयू आणि कार्ड समांतर लावलं तर पाणी सोप्या वाटेने जास्त जातं आणि दुसऱ्याला उरेल ते, तुला त्याची गरज नाही.

आता नागपूर. मे महिन्यात कूलर लावूनही खोली ३५ला असेल, आणि रॅड पाण्याला खोलीच्या खाली कधीच नेऊ शकत नाही. पाणी खोलीपेक्षा १० अंश वर धर, म्हणजे ४५. ढोबळ हिशोब असा की शांत पंख्यांवर रॅडच्या १२० मिमीच्या एका तुकड्यामागे १०० वॅट, तुझ्याकडे असे सहा आहेत आणि उष्णता ६८०, म्हणजे थोडं कमीच पडतं. डी५ची मर्यादा ६० अंशांची आहे आणि पेटजी प्लास्टिकच्या कडक नळ्या त्याच सुमाराला मऊ पडायला लागतात, त्यामुळे तुझ्या गावात माझं मत साध्या मऊ नळीच्या बाजूने आहे, त्यातही काळी ईपीडीएम रबराची, दिसायला साधी पण त्यातून प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) सुटून ब्लॉकच्या फटी बुजत नाहीत.

आणि जी काळजी तू पाण्याची करतोयस ती हवेची कर. खालच्या रॅडमधून आत येणारी हवा ५-६ अंशांनी सहज तापलेली असते, तीच वरच्या रॅडला मिळाली तर तुझं नुकसान पाण्याच्या क्रमापेक्षा दुप्पट-तिप्पट आहे. बाजूला तीन पंखे आत फुंकणारे लाव म्हणजे वरच्या रॅडला थोडी तरी ताजी हवा मिळेल, आणि पुढेमागे पैसे हातात आले तर तिसरा ३६० बाजूलाच जाईल. पंख्यांचा वेग पाण्याच्या तापमानावर ठेव, त्यासाठी एक सेन्सर लूपमध्ये घाल. ७९५०एक्स सगळ्या कोअरवर ९५ला जातो, तो तसाच बनवलाय, त्याच्याकडे बघून पंखे पळवलेस तर दिवसभर नुसता आवाज ऐकशील.

ड्रेन सगळ्यात खाली. खालच्या रॅडचं एखादं मोकळं पोर्ट असेल तर तिथे, नसेल तर पंप आणि त्या रॅडच्या मधल्या नळीत टी आकाराचा जोड घालून बॉल व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच. पाणी निघायला वरून हवा शिरावी लागते म्हणून टाकीचं झाकण त्या वेळी उघडायचं.

भरायच्या आधी हवेच्या पंपाने अर्धा बार दाब भरून २० मिनिटं काटा बघ, हलला नाही तरच पाणी. मग बोर्ड आणि कार्डाची पॉवर काढून ठेव आणि पीएसयूला (पॉवर सप्लायला) जम्पर लावून, म्हणजे बोर्डाशिवाय चालू करून, फक्त पंप चालव. पाणी डिस्टिल्ड आणि त्यात गंजरोधक नि शेवाळरोधक, किंवा तयार कूलंट. घरच्या आरओचं नको, त्यात क्षार राहतात. अ‍ॅल्युमिनियमचं काहीही लूपमध्ये येऊ देऊ नकोस, तांब्याबरोबर ते गंजतंच, स्वस्त रॅड घेताना तो कशाचा आहे ते दुकानदाराला विचारून घे.

नळ्या कापायच्या आधी नवीन चित्र इथे टाक, त्यात व्हॉल्व्ह कुठे ते दाखव आणि टाकीचं झाकण केस न उघडता हाताला लागतं का तेही लिही.