बाबांना युद्धाबद्दल विचारावं की नाही?

घरात जुना फौजी असला की माणसं एक प्रश्न हमखास घेऊन येतात. त्यांना युद्धाबद्दल विचारावं, की तो विषयच काढू नये? मध्यंतरी एका मुलीने मला तो विचारला. तिचे वडील ऐंशीच्या घरात आहेत. १९७१ मध्ये ते हवाई दलात कॅनबेरा हे बॉम्बफेकी विमान चालवत. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"इतकी वर्षं बाबा छान होते हो मॅडम. आता रात्री दचकून उठतात. १६ डिसेंबरला सोसायटीने सत्कार ठेवला, तर आदल्या दिवसापासून जेवले नाहीत. नातवाने मोबाइल समोर धरून 'आजोबा, किती बॉम्ब टाकले?' विचारलं, तर उठून आत गेले. आम्ही उगाच काही उकरून काढलं का?"

उकरून काढलं नव्हतं. ते वरच आलं होतं. नोकरी आणि संसाराच्या रगाड्यात मन अशी आठवण कितीतरी वर्षं बाजूला ठेवतं. मग निवृत्ती येते, बरोबरीची माणसं जाऊ लागतात, दिवस रिकामा होतो. त्यांच्या तरुणपणी या त्रासाला आजचं नावही नव्हतं. पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे उरणारा मानसिक त्रास, हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत आलं १९८० साली. परतलेला वैमानिक धडधाकट दिसला की विषय मिटायचा.

शिवाय एक समज घट्ट आहे. वरून बॉम्ब टाकणाऱ्याला खालचं दिसत नाही, म्हणून त्याला ते लागत नाही. मला हे अजिबात पटत नाही. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि त्याच रात्री आपली कॅनबेरा विमानं पलीकडच्या तळांवर गेली. अंधारात जे दिसलं नाही, ते माणूस पुढे जन्मभर मनाने पाहत राहतो.

हे गृहस्थ पहिल्या भेटीत फक्त विमानाबद्दल बोलले. मी विचारलं, "सर, तुमच्याबरोबर कोण असायचं?"

बराच वेळ ते गप्प राहिले. मग नॅव्हिगेटरबद्दल, म्हणजे विमानात वाट दाखवणाऱ्या जोडीदाराबद्दल, बोलू लागले. दर ३ डिसेंबरला दोघांचा फोन ठरलेला. त्या वर्षी फोन आला नाही, कारण नॅव्हिगेटर उन्हाळ्यातच गेले होते. झोप मोडायला लागली ती तेव्हापासून.

"आमच्या कॅनबेरामध्ये इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, फक्त पायलटला," ते म्हणाले. "तो पुढे, विमानाच्या नाकात. त्याला उडी मारायची तर स्वतः दारापर्यंत यायला हवं. एका रात्री तोफांच्या माऱ्यात विमान हादरलं आणि माझा हात त्या सीटच्या हँडलकडे गेला. ओढलं नाही मी. पण हात गेला. त्याला ते कळलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही."

"तुम्ही शूर होता" हे वाक्य इथे कुचकामी. तेच ऐकून ऐकून ते एकटे पडले होते. मी विचारलं, "सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते?"

"शिवी घातली असती," म्हणाले, आणि रडले.

मुलीला मी सांगितलं, पराक्रमाचं विचारू नका, माणसांचं विचारा. बरोबर कोण होतं, मेसमध्ये काय चालायचं. ते थांबले की थांबा, कॅमेरा बाजूला ठेवा. रात्री दचकले तर जवळ जाऊन हलवू नका. दिवा लावा, दारातून हाक मारा, "बाबा, आपण घरी आहोत" असं सांगा. झोपेत ते हातपाय झाडत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवाच. ती झोपेची वेगळी व्याधी असू शकते आणि कधी कधी पार्किन्सनची आधीची खूण असते. झोपेसाठी दारू वाढली किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायला थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालतो.

पुढच्या वर्षी ते सत्काराला गेले. नॅव्हिगेटरच्या पत्नीलाही व्यासपीठावर बसवायचं, ही त्यांची अट होती. झोप डिसेंबरात अजून मोडते, पण आता ते मुलीला हाक मारतात. हँडलची गोष्ट त्या बाईंना सांगायची की नाही, हे त्यांचं अजून ठरत नाही. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.